तळहाताखालचे तीन मिलिमीटर

रात्रीची जेवणं उरकली आहेत. भांडी घासून पालथी घातली आहेत, ओटा पुसून झाला आहे, फडकं नळाच्या मानेवर वाळत पडलं आहे. अशा वेळी स्वयंपाकघरात या. मोठा दिवा लावू नका. बाहेरच्या खोलीतला उजेड दारातून येतो तेवढा पुरे. ओट्यासमोर रोज उभे राहता तसेच उभे राहा आणि उजव्या हाताचा तळवा ओट्यावर टेकवा.

घाई नाही. तळवा तसाच राहू द्या.

ओटा गार लागेल. कडप्पा असो की ग्रॅनाइट, पहिल्या क्षणी शहारा यावा इतका गार. खरं तर या दगडाचं आणि शेजारच्या लाकडी फडताळाचं तापमान सारखंच आहे. दोघंही दिवसभर एकाच खोलीत आहेत. दगड हाताची ऊब झपाट्याने ओढून घेतो, लाकूड ती सावकाश घेतं, एवढाच फरक. थोडा वेळ थांबलात तर तळव्याखालची जागा कोमट होते. मग हात उचलून वीतभर बाजूला ठेवा. पुन्हा गार. दगडाशी आपली रोजची ओळख अशी आहे, आणि ती हातालाच आहे.

हा ओटा आता बदलायचा आहे. बरेच दिवस घरात त्यावरच बोलणं चाललं आहे. कुणी ग्रॅनाइट सुचवलं, कुणी क्वार्ट्झ, आणि एका दुकानात कुणीतरी तुमच्या हातावर एक पातळ तुकडा ठेवला: सॉलिड सरफेसचं तीन मिलिमीटरचं व्हिनिअर. प्लायवर चिकटवायचं, वजनाला हलकं, दिसायला एकसंध. तो नमुना तुम्ही घरी आणला आहे आणि तो आत्ता मिक्सरशेजारी पडला आहे. त्याला एवढ्यात हात लावू नका. आधी जुन्या ओट्याला भेटून घेऊ. इतकी वर्षं त्याच्यावर काम केलं, पण त्याच्याकडे सवडीने कधी पाहिलं?

तळवा न उचलता डावीकडून उजवीकडे चालत जा.

सिंकच्या कडेशी दगड ओलसर आहे. तो कधीच पूर्ण वाळत नाही; इथे उभं राहणाऱ्याच्या पोटाशी कपडाही ओला होतो. पुढे भाजी चिरायची जागा. त्यानंतर पोळपाटाची. इथे दगड बोटांना जास्त गुळगुळीत लागेल, कारण पोळपाटाचे पाय रोज तिथेच घासले गेले आहेत आणि कणकेचा हात रोज तिथूनच पुसला गेला आहे. मग शेगडी. शेगडीच्या उजवीकडे वीतभर जागा रिकामी असते, तिच्यावर हात ठेवून थांबा. कढई उतरवली की ती इथे येते. तवा इथे येतो. कुकर इथे येतो. आणि ओट्याच्या अगदी टोकाला तो कोपरा, जिथे लसूण ठेचली जाते, वेलदोडे कुटले जातात, आणि कधीतरी घाईत नारळही फोडला जातो.

दोन-तीन पावलांत किती वेगवेगळे ओटे आहेत हे! एकीकडे पाणी, एकीकडे जाळ, एकीकडे घाव, एकीकडे नुसतं पीठ. दुकानात आपण एकच ओटा निवडायला जातो आणि सगळ्या लांबीला एकच दगड लावून येतो. आजवर ते चाललं, कारण दगड हे सगळं निमूट सोसत आला. नवं काही निवडताना मात्र हा नकाशा हातात हवा. आणखी एक फेरी मारा. कुठल्या जागेवर दिवसात किती वेळा हात जातो, ते आठवत जा.

उभ्याने स्वयंपाक करायची ही रीत तशी फार जुनी नाही. चूल जमिनीवर होती, विळी जमिनीवर होती, पाटा-वरवंटा जमिनीवर होता, आणि रांधणारी बाई दिवसभर उकिडवी किंवा पाटावर. स्टोव्ह आले, मग गॅस आला (मुंबईत बर्मा-शेलने १९५५ साली घरगुती गॅस विकायला सुरुवात केली), आणि हळूहळू घराघरांत जाळ कमरेच्या उंचीवर चढला. त्याच्याखाली कडप्पा आला, आंध्रातल्या कडपा जिल्ह्याचं नाव घेऊन आलेला काळा चुनखडक. शहाबादी फरशी आली, तीही चुनखडकाचीच, कर्नाटकातल्या शहाबादची. नंतर ग्रॅनाइट. आपल्याला ओटा म्हटलं की दगडच डोळ्यांसमोर येतो, पण ही सवय दोन-तीन पिढ्यांची आहे. त्याआधी स्वयंपाकाची जागा मातीची होती आणि तिच्यावर एक पातळ थर असायचा. त्या थराकडे आपण परत येऊ.

आता तो नमुना घ्या. उचलण्याआधी त्याच्यावर फक्त बोट ठेवा.

दगडाइतका गार नाही. लाकडाइतका उबदारही नाही. मधलं काहीतरी. बोटांना किंचित रेशमी, मेणासारखा स्पर्श. आता तो चिमटीत धरा. पापडापेक्षा जाड, भाकरीपेक्षा पातळ. कडेने पाहा, उजेड कमी पडत असेल तर दाराशी जा. वरचा रंग आणि आतला रंग एकच आहे. पांढरा असेल तर आरपार पांढरा, ठिपके असतील तर कडेलाही ठिपके. ही गोष्ट नीट पाहून ठेवा, पुढचा बराच विचार हिच्यावर उभा आहे.

हा पदार्थ दगड नाही, पण त्यात दगडाचा अंश आहे. ड्युपाँ कंपनीत १९६७ साली डोनाल्ड स्लोकम या रसायनशास्त्रज्ञाने तो घडवला आणि १९७१ साली तो कोरियन या नावाने बाजारात आला. नंतर इतर कंपन्यांनीही तसाच माल काढला. वजनाने साधारण दोन भाग खनिज आणि एक भाग अ‍ॅक्रिलिक, असं हे मिश्रण. खनिज म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं हायड्रॉक्साइड, पिठासारखी पांढरी भुकटी, जी बॉक्साइटपासून मिळते. बॉक्साइट आपल्याला अनोळखी नाही. राधानगरी, शाहूवाडीच्या डोंगरमाथ्यांवर ते जांभ्याच्या सोबतीने सापडतं. लाखो पावसाळे खडकातलं जे विरघळेल ते धुऊन नेतात आणि मागे उरतं त्यातून जांभा आणि बॉक्साइट, एकाच घरची ही दोन भावंडं, तयार होतात. तुमच्या हातातला तुकडा कोल्हापूरच्या मातीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्याचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या पावसाने धुतलेल्या डोंगराचाच आहे, एवढं मनात असू द्या.

सॉलिड सरफेसची नेहमीची शीट बारा मिलिमीटरची. भिंतींसाठी सहाची. आणि हे व्हिनिअर तीनचं. वजनाचा अंदाज हाताला यावा म्हणून सांगते: एक चौरस मीटर तीन मिलिमीटरची शीट साधारण पाच किलो भरते, बारा मिलिमीटरची वीस, आणि अठरा मिलिमीटरचं ग्रॅनाइट पन्नासच्या जवळ. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ग्रॅनाइटची लादी चढवणाऱ्या चार माणसांच्या मानेच्या शिरा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

नमुना ओट्यावर ठेवा. त्याच्यावर तळवा ठेवा. आता मनात एक प्रश्न येईल, बहुधा आलाच असेल. इतकं पातळ? म्हणजे वरवरचं? आपण ओट्याच्या नावाखाली नुसता मुलामा विकत घेतोय का?

हा प्रश्न झटकू नका. त्याला बसायला पाट द्या.

माझ्या आजीचं घर सांगलीकडच्या एका खेड्यात होतं. स्वयंपाकघराची जमीन सारवलेली. शेण आणि पाणी एवढंच साहित्य. आजी उजव्या हाताने मागे सरकत सरकत सारवायची आणि वाळल्यावर जमिनीवर तिच्या बोटांचे अर्धगोल उमटलेले दिसायचे, एकात एक गुंतलेले. तो थर किती जाड? नखभरही नाही. त्याच्या खाली चोपलेली माती होती आणि सगळा भार ती माती घ्यायची. त्या थराला कुणी वरवरचा म्हटलं नाही. तो झिजायचा, पोपडे यायचे, आणि आजी पुन्हा सारवायची. सणाच्या आदल्या दिवशी तर नक्कीच. आम्ही मुलं ती ओली जमीन ओलांडायची नाही म्हणून दारातच बसून राहायचो.

आणि तिच्याच घरातली पितळी भांडी. वर्षातून एकदोनदा कल्हईवाला यायचा. झाडाखाली खड्डा करून भाता लावायचा, भांडं तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, पांढरा धूर निघायचा, आणि कथलाचा एक कण कापसाच्या बोळ्याने फिरवला की पिवळं भांडं आतून चांदीसारखं व्हायचं. कथील साधारण २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे एवढ्याशा भात्यालाही ते जमायचं. मिलिमीटरच्याही लहानशा अंशाचा तो थर. पण त्याच्यामुळेच ताक, आमटी, चिंचेचं सार पितळेत कळकत नसे. भांड्याचं बळ पितळेचं, आणि जिभेशी गाठ कथलाची. कल्हई उडाली की आई म्हणायची, "आता त्यात आंबट ठेवू नका गं." म्हणजे थर पातळ आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्याप्रमाणे घर वागत होतं.

डोळे मिटून या दोन्ही थरांपाशी थोडं थांबा. तुमच्या घरचा तिसरा एखादा आठवेल. पाटीवर फिरवलेला कोळसा, भिंतीचा चुना, दिवाळीआधीचा गेरू.

हे सगळे थर पातळ होते आणि सगळे पुन्हा देता येत होते. मला वाटतं, पातळ थराची खरी परीक्षा हीच आहे. खालचं काय लपवलं याची फारशी चिंता करू नये. थर झिजला की माझ्या हाताने तो पुन्हा नीट होतो का, हे विचारावं.

या प्रश्नापुढे सनमायका आणि हे व्हिनिअर वेगळे होतात. सनमायकात रंग असतो तो एका छापील कागदाचा. त्याच्यावर पारदर्शक राळेचं कवच, त्याच्याखाली तपकिरी कागदांची चवड. कवच फाटलं, कागद गेला, की खालचा तपकिरी रंग वर येतो आणि मग त्याला उपाय नाही. तुमच्या हातातल्या तुकड्यात चरा कितीही खाली गेला तरी त्याला तोच रंग भेटतो. म्हणून तो चरा घासून काढता येतो. बारीक पॉलिशपेपर, मग त्याहून बारीक, मग ओलं घासायचं, गोल गोल, सारवल्यासारखं. आजूबाजूची जागाही थोडी घासून घेतली की खूण विरून जाते.

हे काम फक्त ऐकू नका. नमुन्यावर आत्ता सुरीच्या टोकाने एक हलका चरा ओढा. हो, ओढाच. नमुना त्यासाठीच आहे. मग भांड्यांच्या हिरव्या घासणीचा नवा तुकडा ओला करून त्यावर फिरवत बसा. श्वास मोजायचे असतील तर मोजा. साठ-सत्तर फेऱ्यांनी चरा फिका होईल. तो फिका होताना पाहण्यात एक समाधान आहे, आणि ते तुम्हाला खरोखर वाटतं का, हे इथेच कळेल. ज्याला हे काम कंटाळवाणं वाटतं, त्याने या पदार्थाच्या वाटेला जाऊ नये. त्यात काही कमीपणा नाही. ग्रॅनाइट त्याच्यासाठी आहे.

पण तीन म्हणजे तीनच. हलके चरे काढताना जेमतेम केसाच्या जाडीचा थर जातो, तेवढं हे व्हिनिअर वर्षानुवर्षं देऊ शकतं. सुरी अर्धा मिलिमीटर रुतली तर मात्र विचार करावा लागतो, कारण तेवढं काढायचं तर भोवतालचंही उतरतं करत आणावं लागतं. बारा मिलिमीटरच्या शीटला अशा जखमा पुष्कळ पेलतात. तीनच्या शीटला मोजक्याच. म्हणून भाजी चिरायला लाकडी पाट हवा, थेट ओट्यावर नाही. आपल्याकडे विळी होती तोवर हा प्रश्नच नव्हता, पातं वर होतं आणि भाजी पात्याकडे जात होती. सुरी आली आणि घाव खाली पडू लागला.

आता शेगडीशेजारच्या त्या वीतभर जागेकडे परत चला. इथे जरा जास्त वेळ बसू.

फोडणीचं तेल तापून धुरावतं तेव्हा ते दोनशे अंशांच्या आसपास असतं. लोखंडी कढई ही उष्णता बुडात धरून ठेवते. अ‍ॅक्रिलिक शंभर अंशांच्या थोडं वर मऊ पडू लागतं. दीडशेच्या पुढे तर या शीट भट्टीत तापवून मुद्दाम वाकवतात. त्यातूनच गोल काउंटर आणि वळणदार बेसिन घडतात. कारागिराला ज्या गुणाचा फायदा, त्याचाच स्वयंपाकघरात तोटा. कढई थेट ठेवली की तिथे वर्तुळ उमटेल, चमक जाईल, कदाचित शीट फुगेल. बारा मिलिमीटरची जाड शीट थोडी उष्णता पसरवते. तीनची लगेच खालच्या गोंदापर्यंत पोहोचवते, आणि गोंद सुटला तर घासून काही होत नाही.

डोळे मिटा. कालची संध्याकाळ आठवा. कढई उतरवली तेव्हा तुमचा हात कुठे गेला? पाहिलंत का कुठे ठेवताय ते? फोन वाजत होता, दूध उतू जायच्या बेतात होतं, दारावर कुणी होतं. हात आपोआप गेला. कारण त्या जागेवर दगड आहे हे हाताला ठाऊक आहे. शीट बदलायला दोन दिवस पुरतील. हाताची ही सवय बदलायला किती लागतील? घरात तुमच्याशिवाय आणखी कोण कोण कढई उतरवतं? सासूबाई? दहावीतला मुलगा, रात्री मॅगी करताना? स्वयंपाकाला येणाऱ्या ताई? एकेकाचा हात डोळ्यांसमोर आणा.

जुन्या घरांत यासाठी वस्तू होत्या आणि त्यांना नावंही होती. अडणी. चुंबळ. तापलेलं पातेलं अडणीवर, गोल बुडाचं भांडं चुंबळीवर. जमीन सारवलेली होती म्हणून त्या होत्या. पातळ थर जपायचा तर त्याच्यासोबत अडणीही यायचीच. दगडाचा ओटा आला आणि अडणी माळ्यावर गेली. हे व्हिनिअर घ्यायचं तर तिला खाली काढावं लागेल.

इथे मी माझं मत सांगते, आडपडदा न ठेवता. शेगडीखाली आणि शेगडीच्या दोन्ही बाजूंना वीत-दीड वीत तीन मिलिमीटरचं व्हिनिअर लावू नये. तिथे दगड ठेवावा, जुनाच कडप्पा घासूनपुसून ठेवला तरी चालेल. व्हिनिअरची जागा पोळपाटाकडची, डबे ठेवायची, न्याहारीच्या काउंटरची, खिडकीच्या पाळीची, ओट्यामागच्या भिंतीची. एका ओट्यावर दोन पदार्थ दिसले तर काय बिघडलं? तुमच्या तळव्याने मघाशी चार-पाच ओटे मोजले आहेत. ठेचायच्या कोपऱ्यालाही दगडच बरा. पातळ थराला घाव सोसतो तो खालच्या आधारावर, आणि आधार जिथे पोकळ तिथे तडा जातो.

आधार म्हटला आणि गोष्ट खाली गेली. आपणही खाली जाऊ. ओट्याखालचं दार उघडा, वाकता येत असेल तर वाका, आणि सिंकच्या बुडाखाली हात घाला.

ओल. गंजलेला एखादा खिळा. बुरशीचा वास. वरून चकचकीत पुसलेल्या ओट्याची ही दुसरी बाजू. व्हिनिअर ज्याच्यावर चिकटणार तो प्लाय आयुष्यभर इथे राहणार आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात बसवणाऱ्याने सिंकसाठी भोक पाडलं आणि कापलेली कड तशीच उघडी सोडली. वरची शीट सुंदर होती. दोन पावसाळ्यांत खालचं लाकूड पाणी पिऊन फुगलं, शीट एका रेषेत उचलली गेली, आणि त्या घरची वहिनी अजूनही त्या रेषेवरून बोट फिरवते. लाकूडकाम करणाऱ्या एका मिस्त्रींनी ते पाहून एवढंच म्हटलं होतं, "वहिनी, वरचं कुणीही चिकटवेल. खालचं कोण बघतो?"

तेव्हा खालचं आपण बघायचं. ओट्याला एमडीएफ नको, पार्टिकल बोर्ड नको. पाणी लागलं की दोन्ही फुगतात. आयएस ७१० चा शिक्का असलेला मरीन प्लाय, अठरा मिलिमीटरचा, आणि तो शिक्का स्वतः वाचायचा. सिंकच्या भोकाची प्रत्येक कापलेली कड राळेने किंवा इपॉक्सीने पुरती बंद करून घ्यायची, शीट चिकटण्याआधी, आपण तिथे उभं असताना. भोकाचे आतले कोपरे काटकोनी ठेवायचे नाहीत, गोलाई द्यायची. काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. आणि टोकांना, भिंतीशी, थोडी फट सोडायची. ही शीट उन्हाळ्या-हिवाळ्यात वाढते आणि आखडते. साडेतीन मीटर लांबीला वीस अंशांच्या फरकाने साधारण दोन मिलिमीटर. भिंतीत घट्ट ठोकून बसवली तर ती जागा शोधत वर येते. म्हणून फटीत लवचीक सिलिकॉन, सिमेंट नाही.

जुन्या कडप्प्यावरच हे चिकटवता येईल का, असं बरेचजण विचारतात. धूळ नको, तोडफोड नको. येतं, पण कडप्प्याने वर्षानुवर्षं तेल प्यायलं आहे. तो सोडा लावून घासून, पूर्ण वाळवून, खरखरीत करून, पातळी तपासून मगच. एवढं होणार नसेल तर त्याला त्याच्या जागी सुखाने राहू द्या.

वर या. पाठ सरळ करा. पाणी प्या.

कडेविषयी थोडं. अंधारात ओट्याच्या पुढच्या कडेवर अंगठा फिरवा. ओट्याचा सगळ्यात जास्त स्पर्श होणारा भाग हाच. पोट इथे टेकतं, मनगट इथे टेकतं, लहान मुलाचं कपाळ याच उंचीवरून धावत जातं. तीन मिलिमीटरची कड एकटी दिसली तर ती कागदासारखी दिसते, आणि लागतेही. तिला खाली पट्टी जोडून जाडी द्यावी लागते. या शीटची रुंदी बहुधा तीस इंच असते आणि आपला ओटा दोन फुटी, म्हणजे चोवीस इंच. उरलेल्या सहा इंचांत पुढची पट्टी आणि मागची उभी पट्टी दोन्ही निघतात. पुढची कड कशी जोडली जाणार, सांधा कुठे येणार, घासायला तिथे किती जाडी उरणार, हे कारागिराला कागदावर काढून दाखवायला सांगा. चांगला कारागीर या प्रश्नाने खूश होतो. त्याच शीटच्या रंगाचा चिकटपदार्थ भरून, घासून, त्याने केलेला सांधा डोळ्याला दिसत नाही, फक्त नखाला कधी कधी लागतो.

त्या कारागिराचाही विचार इथेच करून घेऊ. दगड कापताना उडणारी धूळ फुप्फुसात बसते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका असते, क्वार्ट्झच्या कृत्रिम लादीत तर ती फार मोठ्या प्रमाणात असते. लादी कापणाऱ्या तरुण कामगारांना सिलिकोसिस झाल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लादीवर बंदीच घातली. आपल्याकडे मात्र जिन्यात बसून, तोंडाला रुमाल बांधून, कोरडं कटर चालवणारा मुलगा आपण रोज पाहतो. सॉलिड सरफेसच्या खनिजात ती सिलिका नाही. तरी कुठलीही बारीक धूळ निरुपद्रवी नसते. तुमच्या घरी काम चाललं असेल तेव्हा त्या मुलाला चांगला मास्क आणून द्या, खिडक्या उघडा, जमेल तिथे ओलं घासायला सांगा. ओट्याच्या खर्चात ती रक्कम कुठे दिसणारही नाही.

आता शेवटचं काम. हे रात्रभर चालणार आहे आणि त्यात तुम्हाला काही करायचं नाही.

नमुना ओट्यावर सपाट ठेवा. त्यावर चार ठिपके द्या: तेलात कालवलेली हळद, कोकमाचं आगळ, घोटभर चहा, लिंबाचा रस. शेजारी, नमुन्याबाहेर, जुन्या ओट्यावरही तेच चार ठिपके द्या. ओटा कडप्प्याचा किंवा संगमरवराचा असेल तर लिंबू आणि आगळ त्याला खाईल, हलकी पांढरी खूण राहील, कारण चुनखडकाला आंबट सोसत नाही. ओटा जाणारच आहे. नाहीतर हे करू नका. गडद रंगाचा नमुना असेल तर एक हलका ओरखडाही द्या. गडद रंगावर ओरखडे जास्त उठून दिसतात, आणि चकचकीत पॉलिशवर तर आणखीच. फिका रंग, मंद चमक, हे रोजच्या ओट्याला सोयीचं.

ठिपके दिलेत? हात धुवा. दिवा बंद करा.

सकाळी चहा टाकायच्या आधी फडकं ओलं करून ठिपके पुसा. चहा जाईल. आगळही जाईल. लिंबाची खूण नमुन्यावर बहुधा दिसणार नाही, शेजारच्या दगडावर दिसेल. हळद मात्र पिवळी छटा मागे ठेवील. घासणीने थोडी कमी होईल, पूर्ण नाही. तेव्हा नमुना उचला आणि खिडकीच्या पाळीवर, जिथे कोवळं ऊन येतं, तिथे ठेवून द्या. लुगड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे; इथेही ऊनच तो नेतं.

तोवर चहा होऊ द्या. कढई चढवा, पोहे फोडणीला टाका, आणि उतरवताना हात कुठे जातो ते पाहा.